सिंधले जाऊन राहिली

सकाळी सातला बडनेऱ्याला उतरले. अमरावतीच्या एका कॉलेजात माझं भाषण होतं: शेजारदेशांतला संघर्ष, तिथून येणारे निर्वासित आणि मुत्सद्देगिरीपुढचे पर्याय. न्यायला येणाऱ्या प्राध्यापकांना फोन लावला. "येऊन राहिलो, मॅडम," ते म्हणाले. आलेच आहेत तर दिसतील, म्हणून मी स्टेशनाबाहेर तीन अनोळखी सद्गृहस्थांना नमस्कार ठोकले. सर अर्ध्या तासाने आले.

"तुम्ही तर येऊन राहिला होतात ना?"

"मंग? रस्त्यातच होतो ना," ते हसले. "आमच्याकडे 'येऊन राहिलो' म्हंजे येतो आहे. आलो असं नाही."

मीही हसले, आणि पुढच्याच क्षणी मला एक जबाब आठवला.

परराष्ट्र खात्यातल्या भाषांतरकाराच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी वकिलांसाठी मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करते. महिन्यापूर्वी अकोल्याहून लाजवंतीबाईंचा जबाब आला होता. बाई पाकिस्तानातल्या सिंधमधून जीव मुठीत धरून आलेल्या. गेली कित्येक वर्षं तिथल्या जठारपेठेत ब्लाउज शिवतात. नागरिकत्व मिळायचं तर अर्जाआधीचं वर्षभर सलग भारतात राहिलेलं असावं लागतं. जबाबात होतं, "आईले पाहाले मी तीन महिन्यांसाठी सिंधले जाऊन राहिली होती. मंग सरहद्द बंद झाली." मी पुणेरी शहाणपणाने इंग्रजीत लिहिलं की बाई तीन महिने, तेही नेमके त्याच वर्षात, सिंधला जाऊन राहिल्या, आणि तो कागद अर्जासोबत दिल्लीला गेला. आता कळलं, त्या फक्त जाणार होत्या. गेल्याच नव्हत्या. अकोल्यात सुनावणी भाषणाच्याच दिवशी दुपारी तीनला होती आणि वकिलांचा फोन लागत नव्हता.

भाषणात मी पर्याय घडाघडा सांगितले: सुरक्षित परतपाठवणी, इथेच सामावून घेणं, तिसऱ्या देशाशी बोलणी. टाळ्याही पडल्या. मला स्वतःची लाज वाटत होती. सरांनी आग्रहाने गिला वडा (दह्यात भिजवलेला, वर तिखट चटणी) खाऊ घातला, पण मी एका हाताने वकिलांचाच नंबर फिरवत होते.

अकोल्याची एसटी मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कामापाशी अडकली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेली कपाशी. एरवी मी डोळे भरून पाहिली असती. शेजारी झेंडूची टोपली घेतलेल्या एक बाई होत्या.

"काहून घाबरून राहिल्या, बाई?"

"माझ्या एका चुकीमुळे एकीला देश सोडावा लागेल."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मंग मले काय सांगता? तिले सांगा जाऊन."

पावणेतीनला अकोल्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत पोचले. जबाबावरच्या फोटोतल्या लाजवंतीबाई बाकावर बसल्या होत्या, हातात कागदांची पिशवी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं.

"म्हंजे दिल्लीच्या कागदात मी आईजवळ होती?"

"हो. तीन महिने. चूक माझी."

"त्याच तीन महिन्यांत आई वारली माही," त्या म्हणाल्या.

वकील आले. दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करून मी सही केली. अधिकाऱ्यांनी ते ठेवून घेतलं आणि निर्णय वरून कळेल, एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळलं नाही.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. आजवर किती करारमदार मी भाषांतरित केले. त्यातल्या एकाही ओळीने कुणाची आई त्याला भेटवली असेल, असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. भुसावळ गेल्यावर फोन वाजला. लाजवंतीबाई.

"तो चुकीचा कागद फाडला तं नाही ना?"

"नाही. माझ्याकडे एक प्रत आहे."

"मले पाठवा. इंग्रजी वाचता येत नाही मले. मी आईजवळ होती, ते कुठं लिवलं हाय, तिथं खूण करून द्या."

मी पिशवीतून कागद काढला आणि हलत्या गाडीत, जमेल तितकी सरळ, त्या ओळीखाली रेघ मारली.