गोरक्षनाथचा खडा

अंतराळयानाच्या खिडकीची मला शिसारी येते. सिनेमातलं यान प्रकाशाला मागे टाकतं, काचेबाहेर ताऱ्यांच्या पांढऱ्या रेघा सुटतात आणि आतला कप्तान, एसटीतून ऊस बघावा तसा ब्रह्मांड बघत उभा राहतो. तीस वर्षं मी हायस्कूलात विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं त्या रेघा खपवून घेतल्या. हा सगळा कचरा आहे, हे मला काचा बसवणाऱ्या माणसाने दाखवलं. गोरक्षनाथ त्याचं नाव.

मिरजगावात हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान. ट्रक असो, टेम्पो असो, पुढची काच फुटली की गाडी त्याच्या दारात. काचेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावून काच चौकटीला टेकवायची आणि आतून ती दोरी ओढत ओढत रबराचा ओठ पत्र्यावर घ्यायचा. दोरी संपली की काच बसली. मग तो कडेने अंगठा फिरवतो. कुठे कण अडकला असेल तर त्या अंगठ्याला कळतो. एवढं झाल्यावर ड्रायव्हर नारळ फोडतो आणि त्याच काचेवर देवाचं, आईचं, गावाचं नाव हातभर अक्षरांत चिकटवतो. "काच बघायला हाय का वाचायला?" गोरक्षनाथ खेकसतो. ऐकतंय कोण!

त्याला एकच डोळा. एकोणिसाव्या वर्षी तो ट्रकवर क्लीनर होता. समोरून आलेल्या डंपरच्या चाकाखालून हरभऱ्याएवढा खडा उडाला आणि काच फोडून आत आला. दवाखान्यात सदरा झटकला तेव्हा खडा कॉलरमधून खाली पडला. गोरक्षनाथने तो तंबाखूच्या डबीत ठेवला, आणि पुढे तंबाखू सोडली तरी डबी सोडली नाही.

त्याची मुलगी निकिता माझ्या नववीच्या वर्गात होती. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय निवडला, प्रकाशाहून वेगवान यानाची खिडकी. मी खूश झालो. म्हणालो, रेघा छान दिसतील.

"सर, रेघा दिसणारच नाहीत," ती म्हणाली.

मला पटेना. मी तिच्याबरोबर दुकानावर गेलो. गोरक्षनाथ एक टेम्पो पुसत होता. लेकीकडून त्याने सगळं ऐकलं होतं.

"सर, पाऊस सरळ पडतो ना? पर टेम्पो पळाया लागला की समदा पुढच्या काचंवर. मागची काच कोरडी. चांदन्यांचा उजेड बी तसाच. यान पळालं की समद्या चांदन्या सरकून पुढं गोळा व्हनार. बाजूला आन् मागं नुस्ता अंधार."

पुढचं निकिताने सांगितलं. पुढे गोळा झालेला उजेडही डोळ्यांना दिसायचा नाही. यान त्याच्या अंगावर धावून जातं, तशा त्याच्या लाटा दाबल्या जाऊन आखूड होतात आणि त्याचे क्ष-किरण होतात, माणसाला जाळणारे. उलट विश्वाच्या जन्मापासून जी सगळीकडे पसरलेली, एरवी न दिसणारी मंद ऊब आहे, ती समोर धूसर गोळा होऊन दिसेल. आणि हे सगळं प्रकाशाच्या जवळ पोचताना. प्रकाशाच्या पुढे काय दिसतं, हे कुणालाच ठाऊक नाही. तिथे जाता येतं असंही विज्ञान म्हणत नाही.

"आन् काच?" गोरक्षनाथ बाजूला पचकन थुंकला. "साठच्या स्पीडला खडा डोळा घिऊन गेला. तितं धुळीचा कन आला तरी यान उरंल का? असल्या यानाला खिडकी ठिवनाऱ्यानं जन्मात काच बसवली न्हाई."

बापलेकींनी मिळून प्लायवूडचं यान केलं. त्याला तीन चौकटी. पहिलीत सगळीकडे विखुरलेले तारे. दुसरीत समोर धूसर गोळा, बाकी काळोख. तिसरीत लोखंडी पत्रा आणि त्यावर निकिताच्या अक्षरात पाटी: 'इथे खिडकी नाही. पलीकडचं आम्हाला माहीत नाही.' पत्र्याखाली कापसावर तो खडा. गोरक्षनाथने स्वतः माझ्या हातात दिला. "माझा हाय सर. परत आना."

आता माझी घाण सांगतो. मार्चमध्ये मी निवृत्त होणार होतो आणि माझ्या हातचं एकही मॉडेल राज्यावर गेलेलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "पत्रा बघायला परीक्षक थांबतील का? लाईट लावा." नगरला प्रदर्शनात निकिता डबा खायला गेली तेवढ्यात मी पत्रा उचकटला, तिथे प्लास्टिकची काच बसवली आणि मागे पळत्या दिव्यांच्या माळा सोडल्या. पाटी खिशात घातली. भुसा, कापूस, खिळे झटकून टाकले.

ती परत आली तेव्हा परीक्षक समोरच उभे होते. रेघा झगमगत होत्या.

"वा! प्रकाशापेक्षा वेगात तारे असेच दिसतात का, बाळ?"

निकिताने माझ्याकडे पाहिलं. ती खरं बोलली असती तर मी उघडा पडलो असतो. हे तिला कळलं, आणि ते तिला कळलंय हे मलाही कळलं. ती हातातल्या डब्याचं झाकण दाबत राहिली. "हो, असेच दिसतात," मीच म्हणालो.

पहिला नंबर आला.  दुसऱ्या दिवशी निकिता पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

आठ दिवसांनी गोरक्षनाथ शाळेत आला. प्रशस्तिपत्रक काच बसवायला आम्ही त्याच्याकडेच दिलं होतं, निर्लज्जच आम्ही. काच त्याने सुरेख बसवली होती. फ्रेम टेबलावर ठेवून त्याने डबी काढली.

"खडा द्या सर."

तेव्हा मला आठवलं, खडा कापसात होता आणि कापूस मी कचऱ्यात लोटला होता. "आणतो," म्हणून मी बाहेर गेलो. मैदानात वाकून हरभऱ्याएवढा खडा शोधला, रुमालाने पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. 

त्याने खड्यावर अंगठा फिरवला. एकदा, मग उलट बाजूने पुन्हा एकदा.

"ह्यो माझा न्हाई सर."

मी मान खाली घातली. ओरडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरगी रोज इचारती, सरांनी खडा दिला का," तो म्हणाला. "रेघांचं तिनं सोसलं. ह्ये न्हाई सोसायची."

आणि जन्मभर खोट्यावर थुंकलेल्या त्या माणसाने माझा खडा आपल्या डबीत टाकला आणि झाकण लावलं.