आधी इथं काय होतं?

चीनमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीला जेवढ्या म्हणून इमारती उभ्या राहिल्या, त्या सगळ्या आमच्या साडूंना विचारून उभ्या राहिल्या, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ते बोलायचेच तसं. "ह्या खेपेला आपण नदीपलीकडे बेचाळीस मजले चढवले," असं ते आमटी ओरपता ओरपता सांगत, आणि 'आपण' म्हणजे चीन, हे समजून घ्यायची जबाबदारी ऐकणाऱ्याची असे. प्रत्यक्षात साडूबुवा चीनचे कुणीही नव्हते. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहायला दुबईच्या करामा वस्तीत, नोकरीला तिथल्याच रास अल खोरच्या एका गोदामात. टाइल्स, नळ, बेसिन आणि कमोड ह्या चार गोष्टी परदेशातून आणून दुबईभर विकणारी कंपनी, आणि साडूबुवा तिचे खरेदी अधिकारी. दर मार्चमध्ये मालक त्यांना दहा दिवस चीनला माल बघायला धाडी. साडूबुवा नळ अर्ध्या दिवसात बघून टाकत. उरलेले साडेनऊ दिवस ते शहर बघत.

शहर बघणं म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं नव्हे. हॉटेलात शिरल्यावर हा माणूस आधी खिडकी उघडायचा आणि क्रेन मोजायचा. सामान, आंघोळ, चहा सगळं मागाहून. ताई बिचारी काळजीनं फोन करून विचारी, "पोचलात का नीट?" आणि पलीकडून उत्तर येई, "एकशे बारा! मागच्या साली सत्त्याण्णव होत्या!" एकदा ताईला बरं नव्हतं, म्हणून तो फोन मी केला होता. मलाही आकडाच मिळाला. पोरीची उंचीसुद्धा ह्या गृहस्थांनी चिनी मापात मोजली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारायची आणि शेजारी त्याच काळात तिकडच्या एका ठरावीक बँकेचे किती मजले झाले ते लिहायचं. पोरगी सातवीत असताना बँक पूर्ण झाली, तेव्हा साडूबुवांना पोरीचंच वाढणं थांबल्यासारखं वाईट वाटलं. ती वैतागून म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम नॉट अ बिल्डिंग!" त्यावर ते हळहळून म्हणाले, "तेच ना."

एकदा ते तिकडून पाडलेल्या गल्लीतली एक वीट घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेली, पेटीच्या मधोमध. दुबई विमानतळावर कस्टमच्या माणसानं ती बाहेर काढली, उलटीपालटी केली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "ये क्या है? अंदर क्या है?" साडूबुवांना आयुष्यात प्रथमच एका सरकारी माणसानं विटेबद्दल प्रश्न विचारला होता. ते खुलले. विटेची लांबी, भट्टी, मातीचा रंग, चुन्याचा थर, असं सगळं त्यांनी सांगायला घेतलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी त्या माणसानं वीट स्वतःच्या हातानं पुन्हा टॉवेलात गुंडाळली, पेटी बंद करून दिली आणि म्हणाला, "खलास, हबीबी, खलास! यल्ला!" घरी आल्यावर साडूबुवा म्हणाले, "माणूस जिज्ञासू होता, पण ड्यूटीवर होता."

ह्या सगळ्याला ते संशोधन म्हणत, आणि संशोधनासाठी ते चिनी भाषा शिकले होते. पूर्ण नव्हे, दोन वाक्यं. तिथल्या एका वेटरकडून त्यांनी ती महिनाभराच्या निष्ठेनं दहा दिवसांत घोटून घेतली होती. पहिलं वाक्य, "ही इमारत कधी बांधली?" आणि दुसरं, "आधी इथं काय होतं?" ही वाक्यं ते इतकी सफाईनं म्हणत की समोरच्याला वाटे, ह्याला भाषा येते, आणि तो घडाघडा उत्तर देई. उत्तरातलं साडूबुवांना एक अक्षर कळत नसे. ते मान डोलावत आणि शर्टाच्या खिशातल्या टेपरेकॉर्डरवर ते भरून घेत. टॅक्सीवाले, पहारेकरी, भाजीवाल्या, सगळे त्या टेपांत होते. "अर्थ काय ह्याचा?" मी एकदा विचारलं. "अर्थ मागून लावता येतो, धाकटे जावई," ते म्हणाले, "पुरावा आधी गोळा करावा लागतो."

त्यांचा मुख्य साक्षीदार होता एका चौकातला छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा. तिथं एक उंच टॉवर झाला होता आणि त्याच्या पायथ्याशी हा स्टूल टाकून बसे. सलग सात मार्च साडूबुवांनी त्याला तोच प्रश्न विचारला आणि सात टेपा भरून आणल्या. ते त्याला 'आमचे तिथले तज्ज्ञ' म्हणत, आणि त्याच्या हवाल्यानं वाटेल ते सांगत. "तज्ज्ञांचं म्हणणं पडलं, पाया फार खोल नेलाय." तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं की, "हातवारे! त्यांनी खाली असा हात केला. बराच वेळ केला." दुसऱ्या वर्षी तज्ज्ञांनी दोन्ही हात लांब पसरले, त्याअर्थी पार्किंग मोठं असणार, हे सिद्ध झालं.

आता संशोधन म्हटलं की प्रदर्शन आलं, आणि प्रदर्शन म्हटलं की प्रेक्षक. करामात चिनी नगररचनेला प्रेक्षक कुठून मिळायचा? इथं साडूबुवांची बुद्धी चालली. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती असे आणि ओळखीपाळखीची शंभरेक माणसं दर्शनाला येत. साडूबुवांनी गणपती हॉलमधून उचलला आणि थेट मागच्या बेडरूममध्ये नेऊन बसवला. म्हणजे दारातून आत आलेल्या माणसाला देवापर्यंत पोचायचं तर अख्खा हॉल आणि पुढचा बोळ पार करणं भाग, आणि हॉल-बोळाच्या भिंतीवर चीन. फोटो, नकाशे, क्रेनचे आलेख, मध्ये काचेच्या पेटीत ती वीट. प्रसाद अर्थातच गणपतीपाशी. साडूबुवा शॉवरचा एक स्टीलचा दांडा हातात घेऊन दारातच उभे राहत आणि "या, या, चौऱ्याण्णवपासून सुरुवात करू" म्हणत. मुरलेले लोक मान खाली घालून, आरतीला उशीर झाल्यासारखं दाखवत तरातरा निघत. त्यांना अडवायचं काम पोरीकडे असे. ती बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसे आणि पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणे, "अंकल, यू कान्ट स्किप द नाइन्टीज."

बोळाच्या शेवटी एक मोठा तक्ता होता. त्याचे तीन रकाने: 'आत्ता काय आहे', 'मजले किती', 'आधी काय होतं'. पहिले दोन गच्च भरलेले आणि तिसरा वरपासून खालपर्यंत कोरा. लोक तिथं हमखास थट्टा करत. "साडूबुवा, हा रकाना उंदरानं खाल्ला का?" मीच हे तीन वर्षं विचारलं. ते हसत, पण एका वर्षी सगळे गेल्यावर खुर्चीवर बसून म्हणाले, "अहो, इतकी वर्षं चाललंय हे. शंभर माणसं येतात, पण मोदकासाठी येतात. हा रकाना भरला ना, तर एक तरी माणूस इथं थांबेल. त्याशिवाय हे सगळं म्हणजे नळवाल्याचा छंद." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची थट्टा केल्याची लाज वाटली. अर्थात पुढच्या वर्षी मी पुन्हा केली.

मग केव्हातरी त्यांच्या गोदामाशेजारी दिव्यांच्या झुंबरांचं एक चिनी दुकान उघडलं. ते चालवणारी बाई तिशीची असेल, अबोल, आणि नेमकी त्याच मुलखातली. साडूबुवांनी तिला गणपतीला बोलावलं. ती आली, आणि त्यांनी दांडा उचलून तिला तिचाच देश समजावून द्यायला सुरुवात केली. "मॅडम, धिस इज युअर रिव्हर." ती अदबीनं "येस" म्हणे. "अँड धिस इज युअर ब्रिज." "येस." ताई स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "अहो, सोडवा त्या पोरीला!" पण ती स्वतःच बोळाच्या शेवटी येऊन थांबली आणि कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवून तिनं इंग्रजीत विचारलं, "इथं काही का नाही?"

साडूबुवा धावत जाऊन टेपांचा खोका घेऊन आले. गणपतीसमोर सतरंजीवर बैठक बसली. ताईनं तिच्या हातात मोदक दिला. तिनं आधी त्याच्या कळ्या मोजल्या आणि ताईकडे आदरानं बघितलं. मग ती ऐकू लागली आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली. पहिला टॅक्सीवाला म्हणत होता, "दार नीट लागलं नाही." दुसरा म्हणत होता, "हा प्रश्न तुम्ही येतानाही विचारलात." एक पहारेकरी सबंध टेपभर, "इथं उभं राहू नका," एवढंच म्हणत होता, आणि मागून साडूबुवांचं समाधानानं "हं, हं" ऐकू येत होतं. एक भाजीवाली शेजारणीला सांगत होती, "ह्याला भूक लागलीय वाटतं, केळं दे." साडूबुवा आठवून म्हणाले, "दिलं होतं!" आम्ही हसून हसून आडवे झालो. पोरीनं पुस्तक मिटलं. एवढ्या वर्षांचं संशोधन डोळ्यांदेखत कोसळत होतं आणि त्यात सगळ्यांत मोठ्यानं साडूबुवाच हसत होते.

मग तिनं छत्रीवाल्याची पहिली टेप लावली आणि थोडं ऐकून बंद केली. "तो म्हणतो, इथं आमचं घर होतं."

आमचं हसू थांबलं. तिनं पुन्हा बटण दाबलं. पहिल्या वर्षी त्यानं विहीर सांगितली होती. हात खाली केला तो विहिरीसाठी. दुसऱ्या वर्षी, दोन्ही हात पसरून, मासे पाळायचं तळं. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघर, जिथं आता बँकेचं दार आहे. पुढं थोरल्या भावाची खोली, ती लिफ्टच्या जागी. मग ओसरी, मग आईबापांची खोली. दर वर्षी एक. हा परदेशी माणूस दर मार्चला येतो आणि तेच विचारतो, म्हणून म्हाताऱ्यानं घर पुरवून पुरवून सांगितलं होतं. सातव्या टेपेत तो म्हणत होता, "ह्या वर्षी तुला उशीर झाला. मला वाटलं, येत नाहीस. दुसरं कुणी विचारत नाही." साडूबुवांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि पुन्हा काढून पुसला.

पुढचा आठवडाभर ते गोदामातून आले की कागदावर वाकून बसत. सातही टेपा तिच्याकडून पुन्हा पुन्हा समजून घेऊन त्यांनी त्या घराचा नकाशा काढला. खोल्यांची नावं मराठीत, खाली तिच्या हातानं चिनीत. चिनी नववर्षाला ती गावी गेली तेव्हा तो गुंडाळून घेऊन गेली, आणि तिनं परत आणला तेव्हा त्यावर म्हाताऱ्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. विहीर दोन बोटं डावीकडे सरकली होती. ओसरी लांबली होती. आणि मागच्या बाजूला एक सबंध नवी खोली काढलेली होती, तिला नाव नव्हतं. "मी विचारलं," ती म्हणाली. "तो म्हणाला, ही सांगायची राहिलीय. त्याला येऊ दे, त्यालाच सांगतो."

त्या मार्चमध्ये साडूबुवांनी विमानात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांना नळांची आठवणही नसावी. ताईनं म्हाताऱ्यासाठी चिवडा आणि बेसनाचे लाडू दिले होते. हॉटेलातून रात्री फोन आला तेव्हा ताईनं नेहमीसारखं विचारलं, "किती हो?" ते म्हणाले, "मोजल्या नाहीत." चौकात स्टूल नव्हतं. पहारेकऱ्यानं खुणेनं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की म्हातारा मुलीकडे राहायला गेला, लांब कुठंतरी, गाव ठाऊक नाही. साडूबुवा दहाही दिवस त्या चौकात जाऊन आले. लाडू शेवटी पहारेकऱ्यानं खाल्ले.

त्या वर्षी गणपतीत हॉलमध्ये एकही फोटो नव्हता. आलेख नाहीत, दांडा नाही. बोळाच्या शेवटी फक्त तो नकाशा, आणि शेजारी एका ओळीत लिहिलेलं, की हे कुणाचं घर आणि कसं कळलं. मी दर्शनाला गेलो तर बोळात ही गर्दी! गणपतीपाशी मोदक गार होत चालले होते आणि लोक त्या बिननावाच्या चौकटीसमोर हुज्जत घालत होते. कुणी म्हणे, देवघरच असणार. सांगलीच्या एक बाई म्हणाल्या, "छे हो, मागच्या अंगाला म्हणजे बाळंतिणीची खोली." एका गृहस्थांना खात्री होती की तो गोठा आहे, आणि ते बराच वेळ गोठ्याबद्दलच बोलत राहिले. पोरगी म्हणाली, "मेबी इट वॉज हिज ओन रूम. ही डिडन्ट से हिज ओन." साडूबुवा बाजूला भिंतीला टेकून उभे होते. एका विटेवर पाऊण तास बोलणारा हा माणूस, कुणी "ही खोली कसली हो?" विचारलं की हळूच एवढंच म्हणे, "ती सांगायची राहिली."

मग त्यांनी मला विचारलं, "धाकटे जावई, तुम्हाला काय वाटतं?" मला थट्टाच करायची होती, पण तोंडून निघालं, "अभ्यासाची खोली." का, ते मला आजही सांगता येत नाही. आमच्या दीड खोलीच्या घरात आम्ही पाच भावंडं जिन्यात बसून अभ्यास करायचो. साडूबुवांनी माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली, आणि चौकटीत काही लिहिलं मात्र नाही.