बिननियतीची हद्द

मक्केला उमराहच्या यात्रेला निघायच्या सकाळीच मला पाळी आली. पाळीपेक्षा जास्त रडू आलं ते यामुळे, की आता काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. नाशिकमध्ये यात्रेकरूंचा वर्ग झाला, तेव्हा पडद्यामागे बसून मी सगळं नीट ऐकलं होतं. पुरुषांनी एहरामच्या, म्हणजे यात्रेच्या वेषाच्या, दोन चादरी कशा गुंडाळायच्या, यातच तासभर गेला. आम्हा बायकांच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं आली. मी पाळीचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवला. शिकवणाऱ्या गृहस्थांनी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाले, "अशा बायकांनी एहरामची नियत करू नये. बाकीचं घरी विचारा." घरी कुणाला विचारणार? माझ्या नवऱ्यालाही त्यांनीच शिकवलं होतं.

मुंबईची बस अजून सुटायची होती, मी खिडकीकडे तोंड करून बसले. नमाज नाही, काबाभोवती फेऱ्यांचा तवाफ नाही, आता उमराहचा संकल्प, ती नियतही नाही. मग मी चाललेय तरी कशाला? नातेवाइकांना निरोप द्यायला चांदवडहून आलेली एक म्हातारी शेजारी टेकली. ओळख ना पाळख, पण तिने का रडतेस म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"कोन म्हनलं नियत करू नको?" ती चिडलीच. "मला बी हजला असंच झालं व्हतं. आंघोळ करून आलीस ना? मग विमानात नियत कर, लब्बैक म्हन, लय दुवा माग. नमाज आन् तवाफ तेवढा थांबव, पाक झाली की तवाफ कर. मक्केच्या अलीकडं मीकातची हद्द लागती. ती बिननियतीची वलांडली तर माघारी जावं लागंल, न्हाईतर दंड म्हनून बकरं कापावं लागंल." एवढं बोलून ती उतरून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

विमानात मी तिने सांगितलं तशी नियत केली. मक्केत आमचे सहाच दिवस होते. मी खोलीत तसबीहची माळ घेऊन बसून राहिले आणि सगळं अल्लाहवर सोडलं. एरवी माझे सात दिवस जातात, त्या वेळी पाचव्या दिवशी मी पाक झाले. तवाफ करताना त्या म्हातारीसाठी किती दुवा मागितल्या, ते सांगता येणार नाही.

तवाफ करून खोलीवर परत आले तर शेजारच्या खोलीत आमच्याच बसमधली नवी नवरी रडत होती. तिलाही वाटेत पाळी आली होती. आता ती पाक झाली होती, पण वर्गात ऐकलं तसं वागून बिननियतीची आत आली होती. आम्ही तिला तिच्या नवऱ्यासोबत गाडीने ताइफच्या बाजूच्या मीकातवर नेलं आणि तिथून नियत करून आणलं. वाटेत तिने विचारलं, "खाला, मला हे आधी कुणीच का नाही सांगितलं?"

अल्लाहने माझ्यावर केलेल्या मेहेरबानीचा शुक्र मी रोज मानते. त्याच्यापुढे मान तुकवायला मी शिकले. पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर अल्लाहने द्यायचं नाही, चिठ्ठीची घडी घालणाऱ्याने द्यायचं आहे.