शेवटचा वाफा आधी

वऱ्हाडातल्या मालेगावात वाशिम रोडला लागून आमच्या चार खोल्या आहेत, एका ओळीत, एकीला एक चिकटून. आमच्या ह्यांनी त्या बांधल्या तेव्हा म्हणाले होते, भाजीचा भाव पडला तरी चूल पेटेल. ते गेले आणि खोल्यांचं सगळं माझ्या अंगावर आलं. भाडेकरू म्हणजे काही मेथी-पालक नाही, टाकलं की उगवलं, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं.

भांडण पाण्याचं होतं. बोअर दमलं होतं, मोटर सकाळी थोडा वेळच पाणी ओढायची. पाइप रस्त्याकडून आत जातो. त्यामुळे पहिल्या खोलीतल्या कृषी केंद्रवाल्याचे ड्रम, बादल्या, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरायचं, आणि शेवटच्या खोलीतल्या सिस्टरच्या नळाला नुसती हवा यायची. ती बिचारी दवाखान्यातली रात्रपाळी करून यायची आणि रिकामी बादली घेऊन उभी राहायची. मी त्याला समजावलं, हात जोडले, एकदा चांगलं तोंडसुखही घेतलं. तो म्हणे, पहिला नळ माझा, त्याला मी काय करू. शेवटी सिस्टरनं सांगितलं, या महिन्यानंतर खोली सोडते.

माझ्या दिराला हे कळायला वेळ लागला नाही. चहा पिता पिता म्हणाला, "वयनी, बाईमानसाच्यानं भाडेकरू सांभाळनं होत नाही. गिऱ्हाईक हाय माह्या नजरेत. इकून टाका."

मला राग आला, आणि भीतीही वाटली. पाण्यावाचून एक खोली रिकामी झाली की गावभर होतं, मग उरलेल्याही टिकत नाहीत. पण मला विकायचं नव्हतं. त्या भिंतींना मी स्वतः पाणी मारलं आहे.

दुसऱ्या दिवशी मळ्यात वांग्याला पाणी देत होते. आम्ही आधी टोकाचा वाफा भरतो. जवळचा भरत बसलं तर टोकाला पाणी पोचायच्या आत लाइन जाते. टोकाकडून भरत मागे आलं की सगळे वाफे भिजतात. सासऱ्यांनी हे मला नवी नवरी असताना शिकवलं होतं. इतकी वर्षं वांग्यांना मी हा न्याय देत आले, माणसांना द्यायचं काही सुचलं नव्हतं. हातातलं फावडं तिथेच टाकून मी नळ दुरुस्तीवाल्याकडे गेले.

चारही नळांच्या तोट्या काढल्या आणि चावीनं उघडणारे कॉक बसवले. चावी एकच ठेवली. आधी सिस्टरनं आपला ड्रम भरायचा आणि चावी शेजारी द्यायची, अशी ती ओळीनं रस्त्याकडे येणार. एका खोलीला एक ड्रम, पातेली-बितेली नंतर.

कृषी केंद्रवाला तापला. "मंग मले खोली सोडा लागन," तो म्हणाला.

"सोडा भाऊ," मी म्हटलं. "पन पानी शेवटच्या खोलीकडूनच येईन."

तो गेला नाही, पण बोलणं टाकलं. त्याची बायको मला पाहिलं की भांडी आपटायची. मी रोज सकाळी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसायला लागले, म्हणजे चावी कुणाच्या खिशात मुक्काम करू नये.

मला न विचारताच एका सकाळी दीर गिऱ्हाईक घेऊन आला. त्या माणसानं भिंती ठोकून पाहिल्या आणि पाण्याचं विचारलं. तेवढ्यात कृषी केंद्रवाला बनियनवरच शेवटच्या खोलीपाशी गेला.

"सिस्टर, तुमी झोपा. ड्रम मी भरून देतो," तो म्हणाला. "तेवढीच चावी लवकर येईन आमच्याकडं."

गिऱ्हाईक हसलं. जागा त्याला पसंत पडली, हे दिसतच होतं. त्यानं दिराला विचारलं, "हे समदं सांभाळते कोन?"



"मी," मी म्हटलं. "आन इकाचं नाही."

दीर चहाला थांबला नाही, मीही आग्रह केला नाही. मी जुड्या बांधत राहिले. कान मात्र पाण्याकडे होते. चावी दारोदार फिरत पहिल्या खोलीशी आली, आणि त्या नळालाही अजून धार होती.