ऋतुजाचा हात चांगला होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोन-तीनदा जिभेवर आलं होतं — आणि दर वेळी मी चहा मागितला.

आम्ही चारकोपला राहतो. मला तरुणपणापासून नेमबाजीचा नाद. वडील गिरणीत होते, त्यांना हे श्रीमंतांचं खूळ वाटायचं. दर रविवारी रायफल क्लबात जायचो, भरपूर बोलायचो, पदक मात्र एकही नाही. पुढे माझीच रायफल माझी मुलगी ऋतुजा चालवू लागली, आणि क्लबातले लोक मला 'ऋतुजाचे बाबा' म्हणू लागले. अभिमान वाटायचा. वाटायचाच. पण कुठेतरी टोचायचंही — हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

रायफल जुनी. बॅरलच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे झिजलेले. संघासाठी तिची निवड चाचणी जवळ आली होती, त्याआधी नवी बॅरल बसवून घ्यायची होती. कोणाकडून? एवढाच प्रश्न होता.

चेंबूरला एक म्हातारे कारागीर होते, क्लबात सगळे त्यांचंच नाव घ्यायचे. आम्ही दोघं गेलो. बॅरल कशी हवी ते मी सांगू लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "अहो, तुम्ही जरा बसा. नेम कोण धरतं? पोरगी ना? मग पोरगीच बोलेल." ऋतुजा फिसकन हसली. काय एवढं होतं त्यात? काहीच नाही. पण माझे कान तापले. बसवल्यावर स्वतः तपासल्याशिवाय रायफल हातात देणार नाही, वेळ लागेल, असंही ते म्हणाले. मी "कळवतो" म्हणून उठलो.

घाटकोपरच्या दुसऱ्या कारागिराने खुर्ची पुसून दिली. "साहेब, तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही जाणकार." बस. एवढंच पुरलं मला.

बाहेर पडल्यावर ऋतुजा म्हणाली, "बाबा, चेंबूरवाले आजोबाच बरे होते यार."

"तुला काय कळतं गं त्यातलं?" मी म्हणालो.

नवी बॅरल बसली आणि तिचे गुण घसरले. एक गोळी डावीकडे, दुसरी वर. ती रडकुंडीला यायची — "रायफलमध्येच काहीतरी आहे बाबा, तू बघ ना." मी बघितलं? नाही. मन थाऱ्यावर नाही तुझं, म्हणालो. हात कापतोय तुझा, म्हणालो. निवड चाचणीत तिची पार वाट लागली.

त्यानंतर मी एकटाच क्लबात गेलो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवली, म्हणजे हात थरथरला तरी फरक पडू नये. एकाच जागी नेम धरून गोळ्या झाडल्या. कागद काढून आणला. गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून जायला हव्या होत्या. भोकं कागदभर विखुरलेली. बॅरलच नीट बसलेली नव्हती. ऋतुजाचा हात — तिच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

कागद मी चुरगळून टाकला. घरी आलो तर ती दारातच उभी. "बघितलंस ना? काय निघालं?"

माझं चुकलं, चल चेंबूरला — एवढं बोलायला काय लागत होतं? मी म्हणालो, "रायफल ठीक आहे."

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. त्यानंतर तिने रायफल उचलली नाही.

इथेच संपलं असतं तर? पण संपलं नाही. बारावीनंतर तिला दातांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळत होता. तिने घेतला नाही. जेवताना म्हणाली, "नको रे बाबा, कुणाच्या तोंडात सुई असताना माझा हात हलला तर?" बायको मूळची मालवणची, चिडली की तिकडचं बोलते. "अगो, खंय कापता तुझो हात? — तुमी सांगा मां तिका!" मी ताटात बघत राहिलो. भात कालवत राहिलो.

आता ती मुलुंडला एका बँकेत आहे. बरी आहे. हातून कप निसटला की स्वतःच हसते — "हा बघा माझा प्रसिद्ध हात." आम्हीही हसतो. मीही हसतो.

गेल्या वर्षी मी ती रायफल विकली, रीतसर परवानगी घेऊन. घेणारे बोरिवलीचे एक गृहस्थ. त्यांनी ती खांद्याला लावून पाहिली आणि विचारलं, "काही दोष आहे का हिच्यात?"

"बॅरल नीट बसलेली नाही," मी लगेच म्हणालो. "गोळ्या विखुरतात. बदलून घ्या आधी — नाहीतर उगाच वाटेल की आपलाच हात बिघडलाय."

बरं झालं सांगितलंत, म्हणाले ते.

ते माझे कोणी नव्हते. त्यांना मी खरं सांगितलं.