तोंडातली टाळू

डोंबिवलीच्या एका स्पीच थेरपी क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनला आहे. पेशंटची फाइल बंद होते, किस्सा मात्र उघडाच राहतो. असे कितीतरी साठलेत. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं फाटलेल्या टाळूची, म्हणजे जन्मतःच तोंडाच्या छताला चीर असलेली. सर्जन ती शिवतात आणि बोलायला शिकवायला आमच्या दातार मॅडमकडे पाठवतात.

*

पहिल्याच महिन्यात मी एका आजींना फोनवर सांगितलं, टाळूला टाके आहेत, टाळू जपा. भर मे महिन्यात आजी नातवाला लोकरीचं टोपडं घालून हजर! डोकं झाकलेलं आणि तोंडात कडक टोस्ट.

मॅडमनी आधी टोस्ट काढला, मग टोपडं. मग मला म्हणाल्या, "टाळू दोन असतात. कुठली ते तू सांगितलंच नाहीस."

*

मॅडम प्रत्येक आईबापाला त्यांचीच टाळू दाखवतात. जीभ दातांमागून वर फिरवायची. आधी कडक लागते, मागे मऊ. बोलताना ती मऊ टाळू दारासारखी वर जाते आणि नाकाची वाट बंद करते. दार नीट लागलं नाही की शब्द नाकातून निसटतात.

एकदा आठ जण डोळे मिटून जीभ फिरवत बसले होते. कुरियरवाला पार्सल ठेवून सही न घेताच गेला.

*

मॅडमचे कान म्हणजे तर कमाल! आम्ही दोघी शीळफाट्याला रिक्षात अडकलेलो. रिक्षावाला गेंगाण्या आवाजात ट्रॅफिकला शिव्या घालत होता. मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, "दादा, आ करा." मोबाइलचा टॉर्च मारला, तर पडजीभ मधोमध दुभंगलेली. वरून अखंड दिसणारी टाळू आतून जुळलेलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो क्लिनिकमध्ये आला. "पॅसेंजर तोंड बंद ठेव बोलतात," तो मला म्हणाला. "उघड बोलणाऱ्या ह्या पहिल्याच."

*

आणि अनंता. ठाण्याच्या खाडीवरचा कोळी. त्याची जुई साडेचार वर्षांची, ऑपरेशन उशिरा झालेलं. तिचा प्रत्येक 'ब' नाकातून जाऊन 'म' व्हायचा. त्यामुळे बापाला हाक मारायची ती 'मामा'! बाजारात लोक अनंताला बायकोचा भाऊ समजायचे. तो हसण्यावारी न्यायचा. पण एकदा फॉर्म भरताना हळूच म्हणाला, "शालेत जायचे आधी एकदा तरी बाबा बोलंल का वो?"

मी फॉर्मवर पुढच्या वेळेची तारीख घातली.

मॅडम जुईच्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या आणि 'बाबा' म्हणायला लावायच्या. हवा नाकातून आली की आरशावर वाफ. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, तीच वाफ. त्या दोघी कंटाळल्या नाहीत, मी कंटाळले. मानलं त्या बाईंना.

मार्चमधल्या एका शनिवारी आरसा कोरडा राहिला. मॅडमनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा कोरडा. मॅडमनी तो नुसता माझ्यापुढे धरला.

जुई दार ढकलून वेटिंग रूममध्ये धावली.

"बाबा!"

तिथे तीन बाप बसले होते. दोघांनी मान वर केली. अनंता मोबाइलमध्ये बघत बसून राहिला.