ठोकळ्यांच्या बाहेरची रांग

गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला पन्नास हजार माणसं येतात, तेव्हा गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना तोंडपाठ असतं. मैदानाच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे कुणी मांडले, हे विचारायची कुणाला पडलेली नसते. कुणी माथेफिरूने गर्दीत गाडी घालू नये म्हणून ते तिथे असतात. लोक त्यावर पिशव्या ठेवतात आणि फोटो काढतात.

हे ठोकळे मांडायचं काम मापकाका अठरा वर्षं करत होते. नाव क्रेनवाल्याने ठेवलेलं, कारण काकांच्या हातात कायम चार फुटांची काठी. ठोकळा टेकला की काका शेजारच्या ठोकळ्यापर्यंत काठी आडवी धरणार. चार फुटांतून माणूस जातो, चाकाची खुर्ची जाते, मोटार जात नाही. काठी जरा सैल बसली की क्रेनवाल्याच्या नाकीनऊ आलेच.

"अहो काका, दोन बोटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

काका फटीवर काठी टेकवूनच उभे. ठोकळा पुन्हा उचलावाच लागायचा. घरी बायको चिडवायची, "मला पसंत केलंत तेव्हासुद्धा आधी काठी लावून पाहिली असेल!"

तीन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाच्या दिवशी काका चष्मा घरी विसरले. बायको तो घेऊन आली. दुपारची वेळ, गेटबाहेर रांग लागलेली. काकांनी तिला फोनवर सांगितलं, "आत येत बसू नकोस, तपासणीत अडकशील. शेवटच्या ठोकळ्यापाशी उभी राहा. एवढी एक फट बघतो आणि आलोच."

त्या फटीत काठी दोन बोटं सैल होती. ती नीट करण्यात दहा मिनिटं गेली. तेवढ्यात रस्त्यावरची एक व्हॅन वळली आणि सरळ रांगेवर आली. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. ठोकळ्याने व्हॅन अडवली, जागचा हललासुद्धा नाही. बायको त्याच्या बाहेरच्या बाजूला उभी होती.

मैदानात कुणाला खरचटलं नाही. ठोकळ्यांमुळे मोठा अनर्थ टळला, असं वर्तमानपत्रांनी छापलं. कंपनीने काकांना प्रशस्तिपत्र दिलं, वर देणाऱ्याने हसून फोटोही काढून घेतला. लाज कशाशी खातात हे काही माणसांना ठाऊकच नसतं. मुलीने ते प्रशस्तिपत्र कपाटामागे सरकवून टाकलं.

आई तिथे का उभी होती, हे मुलीने कधी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. घरात आता दोघंच. जेवताना दोघं भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंच बोलायची. आपणच तिला तिथे उभं केलं हे कळलं तर पोर आपलं तोंडही बघणार नाही, ही काकांना भीती.

कामावर मात्र ते हट्टाला पेटले होते. नकाशातली ठोकळ्यांची रेघ गेटपासून दहा पावलांवर संपायची आणि रांग पार रस्त्यापर्यंत जायची. अठरा वर्षं त्यांनी फटी मोजल्या होत्या. रांग एकदाही मोजली नव्हती.

"काका, रेघ इथे आहे," आजच्या कार्यक्रमाचा मॅनेजर नकाशावर बोट ठेवून म्हणाला. "रांग काय, दोन तासांत संपते."

"मग ते दोन तास तुम्ही उभे राहा तिथे. रस्त्याकडे पाठ करून."

मॅनेजर धुसफुसत गेला. ठोकळे रस्त्याच्या कडेला लागले. शेवटचा ठोकळा टेकला आणि काका काठी घेऊन तिकडे निघाले, तोच त्यांचा फोन वाजला.

"बाबा, डबा विसरलात. घेऊन आलेय. शेवटच्या ठोकळ्यापाशी उभी आहे."

काका काठीसकट धावले. मुलगी रस्त्याच्या बाजूला उभी होती. दंडाला धरून त्यांनी तिला फटीतून आत ओढलं. डबा पडला, काठीही पडली.

"तिथे नाही उभं राहायचं!" काकांचा आवाज फाटला. "तुझ्या आईला मीच सांगितलं होतं तिथे थांबायला. मी सांगितलं होतं!"

मुलीने वाकून डबा उचलला.

"मला माहीत आहे, बाबा. आईने तिथूनच मला फोन केला होता. मी म्हटलं, रस्त्याला कशाला थांबलीस? तर म्हणाली, तुझ्या बाबांनीच इथे थांब म्हटलंय, त्यांनी मांडलेल्या ठोकळ्यापाशी उभी आहे, मला कसली भीती?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"हे ऐकून तुम्ही कोलमडाल म्हणून."

काका शेजारच्या ठोकळ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तीही रडत होती.

"काका, बसली का काठी?" क्रेनवाल्याने लांबून विचारलं.

मुलीने डोळे पुसले, पडलेली काठी उचलली आणि फटीत आडवी धरली.

"दोन बोटं सैल आहे!" ती ओरडली.

क्रेनवाल्याने एक अक्षर न बोलता शेवटचा ठोकळा पुन्हा उचलला.